अथेन्समध्ये नवीन आलात? आधी गाव बघून घ्या

जॉर्जियातलं अथेन्स अटलांटापासून गाडीने दीड तासावर. विद्यापीठ वजा केलं तर मागे काय उरेल असा प्रश्न पडावा, एवढं विद्यापीठमय गाव. नव्या माणसाला आधी काय दाखवाल, असं इथल्या जुन्या मराठी घरांना विचारलं. किराण्याच्या आधी नाव निघालं ते कमानीचं.

ब्रॉड स्ट्रीटवरची ही लोखंडी कमान 1850च्या दशकातली. पदवी मिळायच्या आत जो तिच्याखालून जाईल त्याला ती मिळतच नाही, असा समज आहे. पीएचडीवालेही बाजूने जातात. उगाच विषाची परीक्षा कशाला!

कमानीच्या आतच होम्स-हंटर इमारत आहे. 1785 साली सनद मिळालेल्या या विद्यापीठाने पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले ते 1961च्या जानेवारीत, तेही कोर्टाच्या हुकमाने. शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स. दोनच दिवसांत हंटरच्या वसतिगृहावर जमाव चालून आला, दगड पडले. मग ‘सुरक्षेसाठी’ म्हणून निलंबन झालं ते या दोघांचंच! कोर्टाने त्यांना पुन्हा आत घ्यायला लावलं. आज इमारतीवर त्यांची नावं आहेत. व्हिसाची कागदपत्रं सांभाळत इथे आलेल्या आपण मंडळींनी तरी हा फलक उभं राहून वाचावा.

वॉशिंग्टन आणि हल रस्त्यांच्या कोपऱ्यावर मॉर्टन थिएटर आहे. मन्रो मॉर्टन या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने 1910 साली बांधलेलं. वर डॉक्टरांची ऑफिसं असत. जॉर्जियातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला दंतवैद्य आयडा मे हायरम यांचा दवाखानाही इथेच होता. थिएटर अजून चालू आहे, तिकीट काढून जा.

पाहुणे आले की सिटी हॉलसमोरची दुनळी तोफ दाखवायची. यादवी युद्धातली; साखळीने जोडलेले दोन गोळे एकदम उडायला हवे होते, ते कधी जमलंच नाही. डिअरिंग स्ट्रीटचा ओक स्वतःच स्वतःचा मालक समजला जातो. मूळ झाड 1942 साली पडलं, आताचं त्याच्याच बीचं. कायद्यात न बसणारी ही मालकी गाव बिनतक्रार मानतं.

झाडाला जागा देणाऱ्या याच गावाने लिनेनटाउनच्या माणसांची मात्र काढून घेतली. 1960च्या दशकात ‘शहर सुधारणे’च्या नावाखाली सुमारे पन्नास कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती उठवली आणि तिथे रसेल, ब्रम्बी, क्रेसवेल ही वसतिगृहं उभी राहिली. महापौरांनी माफी मागितली ती 2021 साली. इथे वाढलेली आपली मुलं पहिल्या वर्षाला याच वसतिगृहांत राहतात. सामान पोचवायला जाल तेव्हा त्यांना हे सांगा. टूरवर बहुधा कुणी सांगणार नाही.

शेवटची सूचना फुटबॉलची. सॅनफर्ड स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर माणसं बसतात. घरच्या सामन्याच्या शनिवारी अटलांटाच्या गणपतीला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा आणि परत येताना गावाबाहेरच्या वळणरस्त्याने या.