थोडक्या थंडीचा पीच

मुलांनो, पीचला हिंदीत आडू म्हणतात. हे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपते. ठरावीक तास थंडी मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत. ही थंडी साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसची लागते. आपल्याकडचा उणे वीसचा गारठा त्या हिशेबात जवळजवळ धरतच नाहीत.

थंड प्रदेशातल्या बऱ्याच जातींना ८०० ते १,००० तास लागतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या 'फ्लोर्डाप्रिन्स'ला मात्र सुमारे १५० तास पुरतात. (नावात 'रि' नाही, ही छपाईची चूक नव्हे!) फळ आतून पिवळे असते आणि मोहोरानंतर साधारण अडीच महिन्यांत पिकते. म्हणूनच पंजाबात एप्रिलअखेर हे पीच बाजारात येतात. पुण्याच्या हिवाळ्यात मात्र रात्री क्वचितच ७ अंशांखाली जातात, त्यामुळे तिथे दीडशे तासही जमणे कठीण.

मग ईडन प्रेरीत थंडीला काय तोटा? पालकांनी कॅटलॉग पाहून रोप मागवण्याआधी हे वाचावे. इथे दीडशे तास हिवाळ्याच्या तोंडाशीच भरतात. झाडाची झोप पुरी होते, ते केवळ गारठ्यामुळे पडून राहते. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडले की मोहोर फुटू लागतो आणि पुढच्या रात्री गोठून काळा पडतो. कुंभकर्णाला अवेळी उठवले आणि तो युद्धात कामी आला, तसेच हे! शिवाय कडाक्याच्या थंडीत पीचच्या कळ्या झोपेतही मरतात, तो धोका वेगळाच.

हौस असेल तर बुटके झाड मोठ्या कुंडीत लावावे. हिवाळ्यात ते न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवावे, माती अगदी सुकू देऊ नये. मोहोर आत असतानाच आला तर झाड उजेडात आणावे. पीचला दुसरे झाड लागत नाही, पण मधमाशी तर हवी! ती नसल्याने मऊ ब्रश फुलाफुलांवरून फिरवावा. हे काम मुलांचे. फळे सुपारीएवढी झाली की दर वीतभर अंतरावर एकच ठेवून बाकीची काढावीत. जीव तुटतो, पण नाहीतर सगळीच बारीक राहतात. फळ गेल्या वर्षीच्या फांदीवर येते, म्हणून दरवर्षी छाटणी करावी. मेच्या मध्यापर्यंत दहिवराची भीती असते, तोवर कुंडी रात्री बाहेर ठेवू नये.

अंगणातच झाड हवे असेल, तर माझे मत सफरचंदाला. 'हनीक्रिस्प' मिनेसोटा विद्यापीठानेच १९९१ साली आणले, ते इथल्या थंडीत टिकते.

गृहपाठ: मोहोर, छाटणी, दहिवर हे शब्द वाक्यांत वापरा. आजीला फोन करून विचारा: तिच्या गावी आंब्याला मोहोर कोणत्या महिन्यात येतो?