बंबाच्या नळीचे जोड

७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या व्यापारी वस्तीत आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथील बंब मदतीस धावले. परंतु अनेकांच्या नळ्यांचे जोड तेथील हायड्रंटला बसेनात. पाणी समोर असून घेता येईना. सुमारे ३० तासांत दीड हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. वाऱ्याचाही त्यात मोठा वाटा होता हे खरे. तथापि जोडांच्या प्रमाणीकरणास खरी चालना मिळाली ती या आगीनंतरच. असे असूनही १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे तीच अडचण पुन्हा उद्भवली. तेथील हायड्रंटची तोंडे ३ इंची, तर बाहेरून आलेल्या पथकांचे जोड अडीच इंची होते.

असे न जुळणारे दोन जोड एकत्र आणणारा धातूचा लहानसा भाग म्हणजे अडॅप्टर.

आपल्याकडे पाणी सोडणाऱ्या नळीचे जोड सर्वसाधारणपणे ६३ मिलिमीटरचे व विनाआट्याचे असतात. नर टोक मादी टोकात दाबताच स्प्रिंगच्या खिट्ट्या ते पकडून ठेवतात. हायड्रंटचे तोंड मादी असल्याने नळीचे नर टोक पाण्याकडे व मादी टोक आगीकडे ठेवावयाचे असते. धांदलीत नळी उलटी अंथरली गेली की दोन मादी टोके समोरासमोर येतात. तेथे दुहेरी नर अडॅप्टर लागतो. दोन नर टोकांसाठी दुहेरी मादी. भारतीय मानक ९०१ या दोहोंसाठीच आहे. मोठ्या जोडास लहान नळी लावण्यासाठी रिड्यूसर वापरतात. मात्र नळी जितकी अरुंद, तितके घर्षण अधिक आणि पाणी कमी, हे ध्यानात घ्यावयास हवे.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रकार चौथा: एका बाजूस आटे, दुसऱ्या बाजूस झटपट जोड. टँकरचे किंवा शेतीपंपाचे तोंड आट्याचे असेल, तर बंबाची नळी त्यास याविना लागत नाही. व्यास सारखा असूनही आटे निराळे असू शकतात. म्हणून नुसत्या मापावर विसंबून खरेदी न करता जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाकडून प्रत्यक्ष जोडून पाहावे, पाणी सोडून गळती तपासावी आणि वाळलेला रबरी वॉशर बदलावा. विहिरीतून पाणी खेचण्यासाठी मात्र ही नळी अडॅप्टर लावूनही चालत नाही. ती आत चेपते. त्यास कडक सक्शन नळीच हवी.

अडॅप्टर टँकरलाच साखळीने बांधून ठेवावा. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद बहुधा असतेच. कपाटाची किल्ली मात्र सुटीच्या दिवशी सापडत नाही.