आरोग्यशिक्षण : बद्धकोष्ठता – घरगुती उपाय कोठवर?

आठवड्यातून ३ पेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल कठीण होणे व कुंथावे लागणे ही बद्धकोष्ठतेची लक्षणे होत. उन्हात मजुरी करताना पाणी कमी पिणे व शौचाची भावना रोखून धरणे ही तिची नित्याची कारणे. रक्तक्षयासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनीही हा त्रास संभवतो. तथापि गर्भवतींनी त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांस सांगावे.

पुरेसे पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, शहादा परिसरात विपुल होणारी पिकलेली पपई, रोजचे चालणे व शौचाची ठराविक वेळ हे प्रथमोपचार होत. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावे.

मात्र पोट फुगून तीव्र वेदना, उलट्या होत असल्यास वा वायूही सरत नसल्यास एरंडेल किंवा सोनामुखी मुळीच देऊ नये. आतड्यात अडथळा असेल तर रेचकाने जिवावर बेतू शकते. सातपुड्यातील पाड्यांवरून रुग्णालय दूर. म्हणून सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे वा पन्नाशीनंतर शौचाची सवय बदलणे, यांचीही तपासणी लांबवू नये.

संकोचापायी दुखणे लपवू नये, ही आमची सर्व कुटुंबीयांस नम्र विनंती.