कुलूप लागण्यापूर्वीचे दिवस

भीमा नदीवरील उजनी धरणाची पायाभरणी १९६६ मध्ये झाली आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या यशवंतसागराच्या पोटात करमाळा, इंदापूर, दौंड व कर्जत तालुक्यांतील गावठाणे गेली, तेव्हा मोबदला त्याच्या हाती पडला ज्याचे नाव कागदावर होते. दुसऱ्याच्या वाड्यात दोन खण घेऊन राहणारा कारागीर किंवा मालकाच्या रानात खोप घालून राहणारा सालगडी यांना पाणी चढू लागल्यावर निघावे लागले, इतकेच. राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे पायाभरणीनंतर दहा वर्षांनी आलेला; आणि भूसंपादनापूर्वी सलग तीन वर्षे तेथे राहणाऱ्या, पण स्वतःची घरजागा नसलेल्या कुटुंबालाही घर मिळाले पाहिजे, ही तरतूद थेट २०१३ च्या केंद्रीय कायद्यात आली. उजनीच्या कामी ती कशी येणार?

नव्या गावठाणात मिळालेला एकेक प्लॉट दुसऱ्या पिढीत भावाभावांत वाटला गेला आणि तिसऱ्या पिढीला तो पुरेना, म्हणून टेंभुर्णी, जेऊर, भिगवण अशा बाजाराच्या व वाहतुकीच्या गावांत खोली भाड्याने घेणारी कुटुंबे वाढली. धरणग्रस्तांचीच नातवंडे आता भाडेकरू म्हणून पुन्हा उठवली जाण्याच्या भीतीखाली राहतात. प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाचा अनुभव याच प्रकारचा आहे. धाकट्या भावाने हमरस्त्याच्या एका गावी दोन खोल्या अकरा वर्षे भाड्याने घेतल्या होत्या; घरमालक आणि लेखकाचे वडील एकाच बुडालेल्या गावचे, त्यामुळे करारपत्र मागणे हा अविश्वास वाटला असता, आणि भाडे बाजाराच्या दिवशी रोख हातावर ठेवले जाई, ज्याची पावती कधीच झाली नाही. मालक वारल्यावर मुलांनी खोल्या मागितल्या, आणि कुटुंब लग्नाला गेले असता दाराला दुसरे कुलूप लागून भांडीकुंडी ओट्यावर आली. यानंतर जे घडले तेच खरे सांगण्याजोगे आहे. भावकीने मध्यस्थी केली, तंटामुक्ती समितीच्या बैठका झाल्या, प्रत्येक बैठकीत ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे ठरले आणि आठ महिने गेले. त्यानंतर वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो कुलूप कोणत्या तारखेला लागले हा, आणि तारीख ऐकून त्याने फाइल मिटली.

त्या प्रश्नामागे १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम ६ होते. विनिर्दिष्ट अनुतोष म्हणजे नुकसानीचे पैसे नव्हे, तर गेलेली वस्तू वा हक्क तसाच परत मिळवून देणारा न्यायालयीन उपाय. या कलमाखाली मालकी कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. आपला ताबा होता आणि तो संमतीवाचून, कायद्याच्या मार्गाने न जाता काढला गेला, एवढे दाखवले तरी ताबा परत मिळू शकतो. मात्र दावा ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो आणि गावकीच्या बैठकांमुळे हा काळ थांबत नाही. (शासनाविरुद्ध हे कलम वापरताही येत नाही.) मध्यस्थी करू नये असा याचा अर्थ नाही, ती दावा दाखल करूनही करता येते.

भाडेकरूला संरक्षण आहे अशी समजूत गावोगाव आढळते, ती अर्धीच खरी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे थकबाकीसाठी लेखी नोटीस देऊन ९० दिवस उलटल्याशिवाय दावा करता येत नाही, दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडे १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरले तर घर वाचते, वीज-पाणी तोडण्यास मनाई आहे, आणि करारनामा लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, ती न पाळल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. परंतु हा कायदा परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच लागू असल्याने आपले गाव त्यात येते की नाही हे आधी पाहावे लागते. जेथे तो नाही तेथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०६ उरते, ज्यानुसार महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची लेखी नोटीस पुरते. तरीही नोटीस म्हणजे निष्कासन, म्हणजेच कायद्याने बाहेर काढणे, नव्हे. मुदत संपल्यावरही मालकाला दिवाणी न्यायालयातच जावे लागते. पोस्टमनला ‘घर बंद आहे’ सांगून नोटीस परत पाठवण्यात काहींना शहाणपण वाटते, पण नाकारलेली नोटीस बजावली गेली असेच सामान्यतः धरले जाते आणि मोलाचे पंधरा दिवस हकनाक जातात.

ताब्याचा पुरावा कोणत्याही एका कागदात नसतो. लाइटबिल, गॅसचे पुस्तक, मुलांच्या शाळेचा दाखला, मोबाइलवरून पाठवलेल्या भाड्याच्या नोंदी हे सारे जुळवावे लागते; ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, मालकाबरोबर भोगवटादाराचाही रकाना असतो, जो बहुतेकांनी कधी वाचलेला नसतो. त्या नोंदीने मालकी मिळत नाही, पण राहता कोण होता हे कळते. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही, इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे.

शेतातील घराबाबत तर १९४८ चा कुळकायदा बराच उदार आहे, फक्त तो या अंगाने कोणी वाचत नाही. जमीनमालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या घरातून त्याला सहजी काढता येत नाही, ती जागा विकली जात असेल तर खरेदीचा पहिला हक्क त्याचा असतो, आणि हे संरक्षण शेतमजूर व कारागिरांनाही दिलेले आहे. पत्रे, विटा, गवंड्याची मजुरी यांच्या पावत्या जपणे म्हणूनच निरर्थक नव्हे.

याउलट गायरानात किंवा फुगवट्याच्या कडेला बांधलेल्या घराचा पाया कायद्याच्या दृष्टीने कच्चाच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामापूर्वी १५ दिवसांची नोटीस अनिवार्य केली खरी, पण रस्ता, रेल्वेमार्ग, नदी वा जलसाठ्यावरील बांधकामांना त्यातून वगळले. धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन पिकापुरती मिळते; तिच्यावर भिंत उभी करणे हा धोका आहे. भूमिहीनांना घरकुलासाठी जागा घेण्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे, मात्र तिचा लाभ घरकुलाच्या यादीत नाव असलेल्यालाच मिळतो, आणि त्या याद्या ग्रामसभेपुढे येतात तेव्हा भाडेकरू सहसा तेथे नसतो.

इंग्लंडमध्ये २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने ५६ दिवसांत बेघर होण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीला मदत करणे स्थानिक परिषदेचे कर्तव्य ठरवले आहे. असे कर्तव्य येथे कोणाच्याच माथी नसल्याने ते दिवस भाडेकरूला स्वतःच मोजावे लागतात. लेखकाचा भाऊ आता वडिलांच्या प्लॉटमागे पत्र्याच्या खोलीत राहतो. ती उभारताना तिन्ही भावांनी शंभराच्या नव्हे, पाचशेच्या मुद्रांकावर लिहून घेतले आणि नमुना ८ चा उतारा त्याच आठवड्यात काढला.