अंतराळातली छपाई आणि विक्रोळीचं वेल्डिंग

'मुलगी म्हणते, रोबो अंतराळात मोठमोठे सांगाडे छापणार आहेत, मला तेच शिकायचंय. यात पुढे नोकरी आहे का हो?' असं विचारणाऱ्या पालकांना आधी स्पष्ट सांगायला हवं, की 'अंतराळातली छपाई' या नावाची नोकरी आज शोधून सापडणार नाही. खुद्द नासाने २०१९ मध्ये मेड इन स्पेस कंपनीला ७.३७ कोटी डॉलरचं काम दिलं होतं. उपग्रहाने कक्षेत गेल्यावर १० मीटरची तुळई स्वतःच छापायची, अशी योजना होती. २०२३ मध्ये उड्डाण न करताच ते काम थांबलं.

पण म्हणून मुलीला गप्प बसवू नका. मूळ अडचण जागच्या जागी आहे: रॉकेटच्या टोकात मावेल तेवढंच वर नेता येतं. जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा घडी घालून पाठवावा लागला. कच्चा माल नेऊन वरच बांधकाम करता आलं, तर ही कसरत टळेल. २०२४ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेच्या यंत्राने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर स्टीलची तार लेसरने वितळवून धातूची छपाई करून दाखवली. तारच वापरली, कारण वजनरहित अवस्थेत धातूची पूड आवरणं कठीण.

ही छपाई म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग, एकावर एक थर चढवत जाणं; या कामाचा जीव थरात आहे. खालचा थर फार गरम असताना वरचा टाकला तर भिंत ओघळते, फार गार झाल्यावर टाकला तर सांधा नीट धरत नाही. त्यात निर्वात पोकळीत उष्णता वाहून न्यायला हवाच नाही. म्हणजे गाभ्याला वेल्डिंग, धातुशास्त्र आणि यंत्राच्या हातावरचं नियंत्रण. हे शिकायला अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. मुंबईत घाटकोपरच्या पुढचं स्टेशन विक्रोळी. तिथे गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांसाठी 'विकास' इंजिनं तयार झाली आहेत. पवईला आयआयटीत प्रा. करुणाकरन यांनी वेल्डिंगच्या आर्कने धातूचे थर चढवण्याच्या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं.

इस्रोचंच उदाहरण घ्या. ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं छापील इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. आधीच्या १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड गेले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पीएसएलव्ही-सी६० मधून जागा बदलू शकणारा रोबोटिक हातही कक्षेत गेला. छपाई आणि हात, दोन्ही टोकांना आपल्याकडे काम सुरू आहे.

तेव्हा सीईटीनंतर फॉर्म भरताना 'एरोस्पेस' मिळालं नाही म्हणून घरात सुतक नको. मेकॅनिकल, मेटलर्जी, इलेक्ट्रॉनिक्स यांतून या कामाकडे सरळ वाट जाते. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांचा हात यंत्रावर लवकर बसतो; माझ्या मते त्यांना कमी लेखण्यात आपलंच नुकसान आहे. आयटीआयचा वेल्डरही या साखळीतला माणूस आहे.

'स्पेस' नावाच्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरण्याआधी मात्र थांबा. कॉलेज पाहायला जाल तेव्हा वर्कशॉप उघडायला सांगा. थ्रीडी प्रिंटरवर धूळ आहे का, वेल्डिंगचे नमुने कापून आतला सांधा मुलांना दाखवतात का, शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट मुलं स्वतः करतात की बाहेरून विकत आणतात, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. आणि प्रश्न मुलीला विचारू द्या.