फिल टेलर : एका कर्जाची गोष्ट

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर कुंभारकामावर वाढलेल्या सहा गावांचे मिळून झाले आहे. त्यांपैकी बर्स्लेम येथे 1759 साली जोसाया वेजवुड यांनी आपला कारखाना काढला. औद्योगिक क्रांती शिकविताना आम्ही त्यांचे नाव आवर्जून सांगतो. भट्ट्यांवर राबलेल्यांची नावे मात्र पाठ्यपुस्तकात येत नाहीत. अशाच एका कामगाराविषयी येथे लिहावयाचे आहे.

फिल टेलर यांचा जन्म 13 ऑगस्ट 1960 रोजी याच शहरात झाला. घरची परिस्थिती हलाखीची असल्याने शाळा लवकर सुटली. पुढे ते शौचालयातील कागदाची गुंडाळी अडकविण्याच्या चिनी मातीच्या मुठी बनवीत. मजुरी आठवड्याला 52 पौंड. पंचविशी आली तरी डार्ट्स हा त्यांचा केवळ संध्याकाळचा विरंगुळा होता.

हा खेळ दिसतो तितका सोपा नाही. 2.37 मीटर अंतरावरून गोल फलकावर छोटे बाण फेकावयाचे, 501 गुणांवरून उतरत नेमके शून्यावर यावयाचे आणि शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या अरुंद जागीच मारावयाचा. फलकाची रचनाही मोठी मार्मिक आहे. 20 च्या एका बाजूस 5 आणि दुसऱ्या बाजूस 1. नेम बोटभर चुकला की लगेच शिक्षा!

त्या काळी या खेळाचे सम्राट होते एरिक ब्रिस्टो. 1980 ते 1986 या काळात ते पाच वेळा विश्वविजेते झाले. बर्स्लेममध्ये त्यांचे स्वतःचे मद्यालय होते. (या स्मरणिकेत मद्यालयाचा उल्लेख काहींना खटकेल, परंतु इंग्लंडच्या कामगारवस्तीत हा खेळ तेथेच वाढला, हे नाकारून कसे चालेल?) तेथे खेळावयास येणाऱ्या टेलर यांचा हात ब्रिस्टो यांनी हेरला आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ सराव करता यावा म्हणून नऊ-दहा हजार पौंड दिले. ती देणगी नव्हती, परत करावयाचे कर्ज होते. आमच्या मते या व्यवहाराचे सारे बळ त्या अटीत आहे. दया घेणारा वाकतो. ऋणको ताठ उभा राहू शकतो. ब्रिस्टो वागण्यातही कठोर होते. उपविजेतेपदाचे त्यांना मुळीच कौतुक नसे.

विशेष म्हणजे, त्याच सुमारास ब्रिस्टो यांचा स्वतःचा हात अडू लागला होता. बाण सोडावयाच्या क्षणी बोटेच उघडत नसत. खेळाडू या व्याधीला ‘डार्टायटिस’ म्हणतात. आपली विद्या हातातून निसटत असताना त्यांनी दुसऱ्याचा हात घडविला, याचे आम्हांला राहून राहून आश्चर्य वाटते.

1988 साली टेलर यांनी कॅनडातील खुली स्पर्धा जिंकली. जानेवारी 1990 मध्ये ते विश्वस्पर्धेत उतरले तेव्हा मानांकित खेळाडूंत त्यांचे नाव नव्हते. पैज लावणारे त्यांच्यावर एकास सव्वाशे भाव देत होते. एकेक फेरी पार करीत ते अंतिम सामन्यात पोहोचले. समोर उभे होते ब्रिस्टो.

टेलर 6-1 असे जिंकले. बक्षीस 24,000 पौंडांचे होते. मुठी बनविण्याच्या मजुरीने हिशेब केला तर जवळजवळ नऊ वर्षांची कमाई. पुढे टेलर आणखी पंधरा वेळा विश्वविजेते झाले. ब्रिस्टो पुन्हा एकदाही नाही.