रोजमेळाचे तत्त्व आणि संगणकातील ‘रीकोड’

रोजमेळातील मूळ नोंद खोडून तीवर नवा आकडा लिहिणे हा आपल्या पेढ्यांवर मोठा दोष समजला जातो. खतावणी पाहिजे तशी मांडावी. रोजमेळ मात्र जसाच्या तसा राहिला पाहिजे. संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालींत ‘रीकोड’ नावाची जी क्रिया आहे, तिलाही हेच तत्त्व लागू पडते. नोंदलेल्या मूल्यांस ठरीव नियमाने नवे संकेत देणे, एवढाच तिचा अर्थ होय.

१९६८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात निर्माण झालेली एसपीएसएस ही प्रणाली घेऊ. सरकारी खरेदीच्या मानकांप्रमाणे गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव, त्यावर १४ पर्यंत कपात आणि १४ च्या वर माल नामंजूर. यावरून १, २, ३ असे तीन वर्ग पाडता येतात. पण ‘१ ते १२’ आणि ‘१३ ते १४’ असे टप्पे दिल्यास १२.४ टक्क्यांचा माल कोठेच बसत नाही. नव्या स्तंभात त्याची जागा कोरी राहते. यास्तव टप्पे एकमेकांस भिडवून ‘१२ ते १४’ असेच लिहावे. १२ हा आकडा दोन्हीकडे येतो खरा, परंतु प्रणाली आधी जुळेल तोच नियम लावते.

आमच्या इंदूरच्या वखारीत न मोजलेल्या मालापुढे ९९ लिहिण्याची रीत होती. आमच्या नातवाने ‘१४ ते उच्चतम’ असा तिसरा वर्ग केला. ९९ म्हणजे ‘नोंद नाही’ असे त्याने प्रणालीस आधी सांगितलेही होते. तथापि ‘उच्चतम’ या शब्दात तो आकडाही ओढला जातो. न मोजलेला गहू ओला ठरला आणि वीस वर्षांच्या घरोब्याच्या एका शेतकऱ्यास आम्ही माल परत नेण्याचा निरोप धाडला. तो आला, काही बोलला नाही. मूठभर दाणे आमच्या हातावर ठेवून चावावयास सांगितले. दाणा कटकन् वाजला. आम्हांस मान वर करवेना.

चूक तेथेच निस्तरली असती. पण नातवाने नवे संकेत जुन्याच स्तंभावर लिहिले होते! खरोखर ओला माल कोणता आणि न मोजलेला कोणता, हे कळण्यास मार्गच उरला नाही. तिसऱ्या वर्गातील सारी पोती उतरवून पुन्हा मोजण्यात दोन दिवस गेले. आता संकेत नव्या स्तंभात उतरतात, ९९ चा नियम सर्वांआधी लिहिला जातो, आणि चालू हंगामापासून तर न मोजलेल्या मालाची जागा आम्ही कोरीच सोडतो. कोऱ्या जागेस ‘उच्चतम’ शिवत नाही.